जिनिंगमधल्या चौकीदाराची रात्रीची गस्त नोंदवणारं यंत्र बनवतोय. झालेली नोंद मागाहून कुणालाच बदलता येऊ नये, यासाठी सल्ला हवा

वणाकाठ

नमस्कार मंडळी. मी हिंगणघाट तालुक्यातला. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं. आता मोटार रिवाइंडिंग, स्टार्टर, पंपाचे पॅनल अशी कामं करतो. गावापासून सहा किलोमीटरवर एक जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातली सरकी (बी) काढून रुईच्या गठाणी बांधणारा कारखाना. तिथल्या मालकांनी मागच्या आठवड्यात बोलावून घेतलं आणि म्हणाले, रात्री चौकीदार खरंच फिरतो की नाही ते कळेल असं काही बसवून दे. काम घेतलं. पण ते का घेतलं हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न नीट समजतील.

माझे बाबा बावीस वर्षं चौकीदार होते, दुसऱ्या एका जिनात. २०१३ च्या मार्चमध्ये तिथल्या गठाणीच्या गोदामाला आग लागली. कापसाची आग ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसातून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा जिनाच्या रोलरवर घासला की ठिणगी पडते. ती रुईत अडकते आणि रुईबरोबर प्रेसमध्ये दाबली जाते. १७० किलोची गठाण वरून पांढरीशुभ्र, हात लावला तर थंड, आणि आत ती ठिणगी तासन्‌तास धुमसत राहते. बाहेर वास येईपर्यंत आतलं काम झालेलं असतं. बाबांना तीनच्या फेरीत वास आला. त्यांनी पळत जाऊन पंप सुरू केला, प्रेसवाल्या पोरांना उठवलं. बऱ्याच गठाणी गेल्या, पण बाजूचं सरकीचं गोदाम वाचलं.

दुसऱ्या दिवशी प्रश्न एकच होता, दोनच्या फेरीत वास का आला नाही? म्हणजे दोनची फेरी झालीच नसेल. बाबांनी रजिस्टर पुढे केलं. उत्तर मिळालं की रजिस्टर काय, पहाटे एका बैठकीत सगळं भरता येतं. आणि ते खोटंही नव्हतं, दुसऱ्या पाळीचा माणूस तसंच भरायचा. बाबांकडे दाखवायला दुसरं काहीच नव्हतं. नोकरी गेली, तीन महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. आजही संध्याकाळी ओट्यावर बसले की मधूनच म्हणतात, "मी फिरलो ना बाप्पा रातभर. पण पाह्यलं कोणं?"

म्हणून मला असं यंत्र बनवायचं आहे की जो फिरला त्याच्या हातात सकाळी पुरावा असेल. मालकालाही खरं कळावं, पण मालकालासुद्धा नंतर त्यात बोट घालता येऊ नये.

आता जागा सांगतो. सहा एकरांचं आवार. आठ ठिकाणं ठरवली आहेत: गेट, कापसाच्या गंजीकडे दोन, जिन हॉल, प्रेस हॉल, गठाणीचं गोदाम, सरकीचं गोदाम आणि डीपीजवळची पाण्याची टाकी. रात्री दहा ते सकाळी सहा, दर तासाला एक फेरी, म्हणजे आठ फेऱ्या. एका फेरीला रमतगमत पंचवीस मिनिटं लागतात, मी स्वतः दोनदा चालून पाहिलं. चौकीदार दोन आहेत, आलटूनपालटून. एक काका साठीच्या पुढचे, दुसरा माझ्याच वयाचा.

ठिकाणांवर मशीन आणि चौकीदाराच्या गळ्यात कार्ड, हा पहिला विचार मी सोडून दिला. त्यासाठी आठही ठिकाणी वायर न्यावी लागते. गंजीच्या बाजूने वायर नेणं म्हणजे ज्या आगीला भितो तिलाच आवतण देणं. उंदीर कुरतडतात, आणि मे-जूनमध्ये आपल्याकडे विजा पडतात तेव्हा लांब वायरीवरचं सगळं जळतं. म्हणून उलट करायचं ठरवलं. ठिकाणावर नुसतं बिनविजेचं बटण आणि वाचणारं यंत्र चौकीदाराच्या हातात. बटण म्हणजे आयबटन, डीएस१९९०ए. १६ मिलिमीटरचं स्टीलचं डबं, आत प्रत्येकाचा वेगळा ६४ बिटांचा आकडा. यंत्राचं टोक टेकवलं की आकडा वाचला जातो, वेळ लागते, नोंद पडते. आरएफआयडीही (रेडिओ लहरींनी वाचला जाणारा टॅग) पाहिलं, पण आमच्याकडे जिथे तिथे लोखंडी अँगल आणि टिन आहे. साधा टॅग लोखंडावर चिकटवला की वाचतच नाही. बटणाला लोखंडाचं काही वाटत नाही.

यंत्रात ८ मेगाहर्ट्‌झचा प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड), घड्याळाला डीएस३२३१, आणि त्या मॉड्यूलवरच असलेली ३२ किलोबिटची मेमरी. एका नोंदीला ८ बाइट धरले तर ५१२ नोंदी मावतात. रात्रीच्या ६४ नोंदी, म्हणजे बरोबर आठ रात्री. घड्याळ मुद्दाम हे घेतलं. साध्या क्रिस्टलचं घड्याळ आपल्या उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत दिवसभर तापलं की रोज सेकंद-दीड सेकंद मागे पडत जातं. हे मात्र तापमान पाहून स्वतःला सुधारतं, वर्षाला फार तर मिनिट-दोन मिनिटं चुकतं. सेल तीन पेन्सिल सेल, कारण ते गावच्या किराणा दुकानात मिळतात आणि चार्जिंगला लावायचं राहून गेलं ही भानगड नाही.

पहिला नमुना मी रिमोटएवढ्या डबीत बनवला आणि बाबांना दाखवला. त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "एका हातात बॅटरी, एका हातात काठी. हे कोण्या हातानं धरू?" तो नमुना तिथेच बाद झाला. आता सगळं टॉर्चच्या नळीतच बसवतोय. पुढे दिवा, मागच्या बुडाला वाचणारं टोक.

माझे प्रश्न असे. बटण कुणी उपटून खाटेजवळ आणून ठेवलं तर काय करायचं? नोंद नंतर बदलली तर ते कळावं कसं? आणि ज्यांनी अशी कामं प्रत्यक्ष केली आहेत त्यांना मी अजून काय विसरतोय असं वाटतं?

गिरणीतला_वायरमन

वणाकाठ भाऊ, वाचून बरं वाटलं. मी अमरावती जिल्ह्यातल्या सूतगिरणीत एकतीस वर्षं इलेक्ट्रिकलला होतो, आता घरी असतो.

तू बनवतोस ते नवं नाही, त्याचा आजोबा मी हाताळलाय. आमच्याकडे वॉचमन क्लॉक होतं. चामड्याच्या पट्ट्याने खांद्याला अडकवायचं, चावी भरायचं जाडजूड घड्याळ. प्रत्येक ठिकाणी भिंतीत लोखंडी पेटी, तिच्यात साखळीला बांधलेली किल्ली. किल्ली घड्याळात घालून फिरवली की आतल्या कागदी चकतीवर त्या किल्लीचा आकडा उमटायचा, त्या वेळेच्या खुणेवर. सकाळी साहेब घड्याळ उघडून चकती काढायचे. घड्याळ मधेच कुणी उघडलं तर त्याचीही खूण चकतीवर पडायची. म्हणजे तुझा दुसरा प्रश्न त्या लोकांनी विजेशिवाय सोडवला होता. तुझ्या यंत्रालाही तेवढं जमलं पाहिजे. नळी उघडली की झाकणाखालचा छोटा स्विच सुटावा आणि तशी नोंद पडावी.

आता पहिला प्रश्न. आमच्याकडे एकाने साखळ्या कापून चार किल्ल्या कँटीनच्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. चकती अगदी बरोबर. पकडला गेला तो चकतीमुळेच, कारण बॉयलर ते कापूस गोदाम हे अंतर चालायला सात मिनिटं लागायची आणि चकतीवर दोन्ही आकडे एकमेकांना चिकटून उमटलेले. तेव्हा तू प्रत्येक दोन ठिकाणांमधला चालण्याचा वेळ मोजून ठेव. त्याच्या निम्म्याहून कमी वेळात नोंद पडली तर यंत्राने तिच्यापुढे खूण करावी. बटण नुसतं चिकटवू नकोस. भिंतीला भोक पाडून सिमेंटमध्ये बसव, फक्त तोंड वर. उपटायला छिन्नी-हातोडा लागला पाहिजे.

एक बारीक गोष्ट. त्या डीएस३२३१ च्या निळ्या मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारा डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. तो चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. तू त्यात साधा सीआर२०३२ टाकणार आणि मॉड्यूलला थेट साडेचार व्होल्ट देणार असशील तर त्या सेलमध्ये उलटा करंट जात राहील. मी फुगलेले सेल पाहिलेत. तो रेझिस्टर काढून टाक, नाहीतर मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालव. कापसात फिरणाऱ्या वस्तूत हा धोका नको.

आणि रेल्वेचं एक सांगतो, तुझ्या कामाचं आहे. माझे थोरले भाऊ वर्ध्याकडच्या लाइनवर गँगमध्ये होते. पावसाळ्यात रात्री रुळांवरून पेट्रोलमन फिरतात. प्रत्येकाजवळ गस्तीचं पुस्तक असतं. हद्दीवर शेजारच्या बीटचा पेट्रोलमन भेटला की दोघं पुस्तकं बदलून घेतात, स्टेशनवर मास्तर वेळ टाकून सही करतो. एकट्याची नोंद एकट्याकडे राहत नाही. भावाला त्या पुस्तकाचा जाच कधी वाटला नाही. तो म्हणायचा, हे आहे म्हणून रात्री एखादी गाडी थांबली तर माझ्या मानेवर सुरी येत नाही.

तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

शेतकरी_अ‍ॅप

एवढं सगळं कशासाठी? क्यूआर कोडचे स्टिकर छापा, आठ ठिकाणी चिकटवा, फोनने स्कॅन करायला सांगा. सोबत जीपीएसही येतं. तयार अ‍ॅप आहेत, महिन्याचं थोडं भाडं. एका दिवसात काम होतं.

वणाकाठ

दादा, तेही पाहिलं. क्यूआरचा फोटो काढला की खाटेवर झोपून आठही ठिकाणं स्कॅन होतात. जीपीएस मोकळ्या आवारात चालतं, पण टिनाच्या शेडमध्ये शिरलं की ठिपका पंचवीस-तीस मीटर उडतो, कधी कंपाउंडबाहेर शेतात पडतो. मग जिन हॉलमध्ये उभा असलेला माणूस आवाराबाहेर दिसणार. बाबांच्या वेळी तरी संशय होता, इथे तर खोटा पुरावाच तयार होईल. शिवाय आमच्या चौकीदार काकांजवळ बटणांचा फोन आहे. त्यांनी नोकरी टिकवायला स्वतःच्या पैशाने मोठा फोन घ्यावा हे मला पटत नाही.

वायरमन काका, तुमचं सगळं घेतलं. रेझिस्टर काल रात्रीच काढला.

आता एक अडचण आली आहे. तीन रात्री चाचणी घेतली. तिसऱ्या रात्री आठ ठिकाणांशिवाय एक नववी नोंद दिसली, रात्री १:४२ ला. आकडा सगळा शून्य. यंत्राने बीपही दिला, हिरवा दिवाही लावला. चेकसम (आकडा नीट वाचला गेला का ते तपासणारा जोड-आकडा) बरोबर असेल तरच नोंद घ्यायची असं मी प्रोग्राममध्ये लिहिलंय, तरी हे घडलं. तरुण चौकीदार म्हणतो, त्या वेळी टॉर्च गंजीजवळच्या अँगलला लागला होता. मी दिवसा जाऊन अँगलवर टोक घासून पाहिलं. वीस-पंचवीस वेळा काही झालं नाही, मग एकदा बीप आला. हे फार वाईट आहे. असं यंत्र उद्या कोणत्याही लोखंडाला टेकवून फेरी मारल्यासारखं दाखवता येईल, आणि प्रामाणिक माणसाची नोंदही संशयात येईल. कुणाला कारण कळतंय का?

संगणक_शिक्षिका_यवतमाळ

वणाकाठ, कारण सोपं आहे आणि यात खूप जण अडकतात. मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते, माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हे दोनदा पाहिलंय.

त्या ६४ बिटांत पहिले ८ बिट कुटुंबाचा (बटणाच्या प्रकाराचा) क्रमांक, मधले ४८ त्या बटणाचा स्वतःचा आकडा आणि शेवटचे ८ चेकसम. चेकसम काढायची जी रीत आहे तिच्यात सगळे बिट शून्य असले तर उत्तरही शून्यच येतं. तुमचं टोक लोखंडाला लागलं की डेटाची तार ग्राउंडला (सेलच्या ऋण बाजूला) टेकते आणि यंत्राला प्रत्येक बिट शून्य वाचायला मिळतो. आकडा शून्य, चेकसम शून्य, दोन्ही जुळले, म्हणून यंत्र खूश. रोज होत नाही, कारण सुरुवातीला यंत्र "कुणी आहे का" असा पल्स देतं आणि तार आधीपासूनच टेकलेली असेल तर तिथेच थांबतं. पण टोक घासलं जाताना त्या पल्सला उत्तर आल्यासारखा खडखडाट झाला आणि नंतर तार टेकून राहिली, तर तुम्ही सांगता तसंच होतं.

उपाय दोन ओळींचा. पहिला बाइट ०१ आहे का ते बघा, डीएस१९९०ए चा कुटुंब क्रमांक तोच आहे. आणि एकच आकडा लागोपाठ दोनदा आला तरच नोंद घ्या. याशिवाय यंत्राला त्या आठच बटणांची यादी माहीत असू द्या, अनोळखी आकडा आला तर वेगळा बीप.

आता नोंद बदलण्याबद्दल. प्रत्येक नोंदीचा ठसा (हॅश, म्हणजे नोंदीवरून गणिताने निघणारा आकडा) काढा आणि पुढच्या नोंदीचा ठसा काढताना मागचा ठसाही त्यात मिसळा. ठसा काढायची एसएचए-२५६ ही रीत तुमच्या प्रो मिनीवर सहज चालतं. नोंदी अशा साखळीत ओवल्या की मधली एक वेळ जरी मिनिटभराने बदलली तरी तिथून पुढचा प्रत्येक ठसा बदलतो. सकाळी सहाला यंत्राने शेवटच्या ठशावरून एक आकडा दाखवावा आणि चौकीदाराने तो स्वतःच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून घ्यावा. वही त्याच्या घरी. नोंदी मालकाच्या संगणकावर, त्यांची खूण चौकीदाराच्या वहीत. तुमच्या वायरमन काकांच्या भावाची पुस्तकं बदलण्याची रीत तीच ही.

आकडा सहा अंकी ठेवू नका, मोह होईल. सहा अंक म्हणजे दहा लाख शक्यता. ज्याच्याकडे प्रोग्राम आहे तो नोंदींचे सेकंद इकडेतिकडे करत संगणकावर काही वेळात तोच सहा अंकी आकडा पुन्हा जुळवून आणेल. सोळा अंक ठेवा, एटीएम कार्डावर असतात तसे चार-चारांचे चार गट. तेवढे लिहायची लोकांना सवय असते आणि जुळवून आणणं साध्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जातं. आदल्या दिवशीचा आकडाही आजच्या साखळीत मिसळा, म्हणजे मधली एखादी अख्खी रात्र गाळता येणार नाही.

आणखी एक. मालकाची फाइल "चुकून" उडाली तर चौकीदाराच्या वहीतला आकडा नुसता आकडा राहील. म्हणून नोंदींची दुसरी प्रत यंत्रातच राहू द्या, मोठ्या मेमरीत, वर्षभराची. आणि किती ठिकाणं लागली तो साधा आकडाही वहीत लिहायला सांगा. ६४ पैकी ६३ असेल तर ६३. तो वाचायला कुणा तज्ज्ञाची गरज पडत नाही.

बफरचा_वनरक्षक

मी ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) वनरक्षक आहे. आमच्याकडे फोनवर गस्त नोंदवायचं एम-स्ट्राइप्स असतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने ते २०१० मध्ये आणलं. कुठून कुठवर चाललो ती रेघ त्यात पडतेच, पण नुसती रेघ कुणाच्या कामाची नाही. वाटेत काय दिसलं ते भरावं लागतं. पगमार्क, विष्ठा, तोडलेलं झाड, तारेचा फास. त्यामुळे चालताना डोळे उघडे राहतात.

भाऊ, तुमच्या यंत्रात ही जागा नाही. आठ बटणांना टेकवत माणूस मान खाली घालून पंधरा मिनिटांत फेरी उरकेल आणि नोंद एकदम बरोबर येईल. तुमच्या बाबांनी गोदाम वाचवलं ते नाकाने. टॉर्चवर एक लाल बटण द्या. वास आला, गठाण गरम लागली, काही खटकलं की ते दाबायचं, म्हणजे त्या ठिकाणापुढे खूण पडेल. उद्या काही झालंच तर "मी दोन वाजता सांगितलं होतं" हे त्याच्याजवळ राहील.

दुसरं म्हणजे दर तासाला तोच क्रम ठेवू नका. आम्ही एकाच वाटेने एकाच वेळी गेलो की फास लावणाऱ्याला आठवड्यात आमचं वेळापत्रक पाठ होतं. सरकी चोरणाऱ्यालाही होईल. कोणत्या ठिकाणापासून सुरुवात करायची ते चौकीदारालाच ठरवू द्या. तासात आठही लागले म्हणजे झालं.

वणाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण अर्धवट लिहायचं नव्हतं.

ताई, शून्याचं बरोबर तेच निघालं. पहिला बाइट आणि दोनदा वाचणं टाकल्यावर मी त्या अँगलवर दीडशे वेळा टोक घासलं, एकदाही बीप नाही. पण दोनदा वाचायचं म्हणून थोडं जास्त वेळ धरावं लागतं आणि काकांचा हात थरथरतो. म्हणून टोकाभोवती रबराची कडी बसवली, बटणावर ती टोपीसारखी बसते, मग हात हलला तरी टोक सरकत नाही. रुईची भुकटी मात्र बटणाच्या तोंडावर रोज बसते. रबरानेच ती पुसली जाते असं दिसतंय, पुढे बघू. बीप प्रेस चालू असताना ऐकू येत नव्हता, म्हणून जुन्या मोबाइलमधली कंपनाची मोटार नळीत टाकली. हाताला कळतं.

चालण्याच्या वेळा मी दोघांच्याही मोजल्या. काकांना गठाणीच्या गोदामापासून टाकीपर्यंत सहा मिनिटं लागतात, पोराला तीन. खुणेची हद्द पोराच्या वेळेवरून ठरवली, नाहीतर भरभर चालणाराच उगाच संशयित ठरला असता. लाल बटण बसवलंय. झाकणाचा स्विचही. त्या नोंदी धरल्या तर छोट्या मेमरीत सातच रात्री मावत होत्या, पण आता मोठी मेमरी टाकली, वर्ष सहज निघतं.

सकाळचा आकडा दाखवायला गेटच्या खोलीत एक डबी ठेवली, टॉर्च तिच्यात उभा केला की सोळा अंकी आकडा दोन ओळींत येतो, आठ-आठ करून.

मालकांशी बोलणं सोपं गेलं नाही. वहीचं ऐकल्यावर ते म्हणाले, पैसे मी देतोय, त्याला कशाला वही? मी त्यांना बाबांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. कोणत्या जिनातली ते सांगितलं नाही. मग एवढंच विचारलं की उद्या तुमच्याकडे आग लागली आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तर जी नोंद तुम्ही एकटे बदलू शकता तिच्यावर तो कितीसा विश्वास ठेवेल? आणि जिची खूण दुसऱ्याच्या घरी आहे तिच्यावर? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुनीमजींना सांगून शंभर पानी दोन वह्या आणवल्या. वही जुळवून पाहिल्याशिवाय कुणाचा पगार कापायचा नाही, हे मी कागदावर लिहून घेतलं आहे, खाली त्यांची सही आहे.

ठिकाणं पक्की करायच्या आदल्या रात्री बाबांना सोबत नेलं. गुडघे दुखतात, तरी पूर्ण फेरी चालले. गंजीकडचं दुसरं ठिकाण मी रस्त्याकडच्या खांबावर धरलं होतं, हाताशी येतं म्हणून. बाबा तिथे थांबलेच नाहीत, सरळ गंजीच्या मागे गेले, कंपाउंडच्या भिंतीशी, जिथे पाय ठेवायलाही जेमतेम जागा आहे. तिथे उभं राहून त्यांनी काठी बगलेत धरली, गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि नाकाजवळ नेऊन हुंगला. म्हणाले, "वारा रातीले इकून येते. वास इथंच पडते. रस्त्याकडून काय कळन?" बावीस वर्षं ते असंच करत होते आणि हे कोणत्याच रजिस्टरात कधी आलं नाही.

ते बटण आता तिथे भिंतीत आहे. गोदामाचंही दारावरून काढून आतल्या शेवटच्या थप्पीजवळ नेलं. फेरी पंचवीसची एकतीस मिनिटांची झाली, म्हणून मालकांशी बोलून फेऱ्या आठच्या सहा केल्या. आठ पळापळीच्या फेऱ्यांपेक्षा सहा नीट झालेल्या बऱ्या, हे त्यांनाही पटलं.

वायरमन काका, एक विचारायचं राहिलं. गंजीमागची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि गंजी नसली तरी बटण तिथेच राहणार. सिमेंटवरून एक टिनाची पट्टी छपरासारखी काढली तर पुरेल, की तुमच्या त्या लोखंडी पेट्यांना दार होतं तसं दार लागेल? जूनच्या आत गवंडी बोलावतो.